उजवा हात आणि बावीस गुलाब

१५ ऑक्टोबर १९९४, शनिवार. सकाळी ६.१०

उद्या छाटणी. बावीस गुलाब. कात्रीला काल तेल लावून ठेवलं. कात्री जर्मन आहे. या गल्लीत दुसरी जर्मन वस्तू नाही.

यंदा पुष्पप्रेमी मंडळाच्या प्रदर्शनात पहिला नंबर. आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नशिबाने मिळाला असं कुणी म्हणायला नको. गेली सात वर्षं मला उत्तेजनार्थ मिळतंय. उत्तेजन कुणाला देतात? नवशिक्याला. परीक्षकांना गुलाब आणि कोबी यांतला फरक कळत नाही, असं मी मंडळाच्या सेक्रेटरींना पत्राने कळवलं होतं. उत्तर नाही. उत्तर असणारच काय?

पहिला नंबर दोन वर्षं शेजारच्या कमळाकर म्हात्रेला. रोडपालीकडची बापजाद्यांची जमीन प्लॉटांत गेली, त्यावर इथे बंगला उठला. बंगला आहे म्हणून बाग. नर्सरीवाल्याने ट्रकमधून आणून ओतली. हा गृहस्थ बागेत येतो तो दात घासायला. अंगात बनियन, तोंडात ब्रश, आणि फुलं वीतभर! न्याय म्हणून काही उरलेला नाही.

मी तीस वर्षं वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होतो. पनवेलच्या बाजारातला एक काटा माझ्या नजरेतून सुटला नाही. तीच शिस्त बागेत. प्रत्येक झाडाला सकाळी साडेसातशे मिली पाणी, संध्याकाळी साडेसातशे. दर शनिवारी वीस ग्रॅम मिश्रखत, काट्यावर तोलून. मापं सगळी शिक्क्याची. झाडांवर प्रेम करा, झाडांशी बोला, असं सांगणारे लोक मुळात आळशी असतात. बागकाम म्हणजे माप.

कमळाकर उठायच्या आत त्याची छाटणी झाली का, किती खोल झाली, हे पाहून घेतो. भिंत उंच आहे. स्टूल आणलंय.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

डाव्या हाताने. उजवा मोडला. मनगट. प्लास्टर. सहा आठवडे.

स्टूल निकृष्ट.

दवाखान्यात कमळाकरने नेलं. स्वतःच्या गाडीतून. वाटभर तोंडात ब्रश.

त्याची छाटणी झालेली नाही. एवढं तरी कळलं.

१९ ऑक्टोबर, बुधवार

अक्षर सुधारतंय. इतरांच्या उजव्या हातापेक्षा माझा डावा बरा.

प्रदर्शन १८ डिसेंबरला. छाटणीपासून फुलापर्यंत पन्नास-पंचावन्न दिवस. म्हणजे या आठवड्यात छाटणी झाली नाही तर यंदाचं गेलं. मग पुढचं वर्ष. मी एकसष्ट वर्षांचा आहे. पुढची वर्षं माझ्याकडे पोत्याने नाहीत.

ही म्हणाली, मी छाटते. हिने जन्मात कढीपत्ता सोडून काही खुडलेलं नाही. नको म्हटलं.

दुपारी कमळाकर केळी घेऊन आला. म्हणाला, "साहेब, माजा माली पाठवतो. दोन तासांचा काम हाय, तुमी निस्तं बसून ऱ्हावा." माळी कसला, हेर! माझी पद्धत बघून घ्यायची आणि वापरायची. स्वच्छ नकार दिला. केळी ठेवून घेतली.

२० ऑक्टोबर, गुरुवार

हिने एक बाई शोधली. भामा. कमळाकरच्या वरच्या मजल्याचं काम चाललंय, तिथे विटा वाहते. करंजाड्यापलीकडच्या आदिवासी वाडीवरून पायी येते. कामावर जाण्याआधी रोज तासभर इथे येईल. शनिवारी गवंडी येणार नाही, त्यामुळे तो पूर्ण दिवस आपला.

वय पन्नासच्या आसपास. स्वतःचं वय स्वतःला माहीत नाही. लिहिणं-वाचणं शून्य. लिटर म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, "रॉकेल मिलतं तेवडा."

आधी निराश झालो. मग विचार केला, अडाणीच बरी. जिला काही येत नाही तिला चुकीचंही काही येत नाही. डोकं माझं, हात तिचा. मोठमोठे सर्जन म्हातारपणी असंच करतात, नुसते उभे राहून सांगतात.

तक्ता करायला घेतला. झाडागणिक एक कागद, फांदीगणिक एक रेघ, किती सेंटीमीटर कापायचं ते लाल शाईत. सर्वांत मोठी कपात पाच सेंटीमीटर. यापुढे गेलं की झाड दुखावतं.

२२ ऑक्टोबर, शनिवार

खून.

दुसरा शब्द नाही. पहिली दोन झाडं माझ्या देखरेखीखाली झाली. पाच-पाच सेंटीमीटर, सुरेख. मग डॉक्टरच्या गोळीमुळे आरामखुर्चीत जरा डोळा लागला. माझ्या मते वीस मिनिटं. हिच्या मते पावणेदोन तास.

उठलो तर बाग नव्हती. बावीस खुंट होते. गुडघ्याएवढे. ती पहिली दोनसुद्धा परत जाऊन तिने बाकीच्यांच्या बरोबरीला आणली होती! जर्मन कात्री खिळ्यावर जशीच्या तशी. सगळं स्वतःच्या कोयत्याने. आणि प्रत्येक कापल्या टोकावर शेणाचा गोळा.

ओरडलो. ती घाबरली नाही, याचा जास्त संताप आला. म्हणाली, "ऐन आमी दरसाल असाच तोडतो, राबाला. तरी येतो ना? मंग ह्ये का नाय येनार?" भाताची रोपं टाकायच्या आधी हे लोक ऐनाच्या फांद्या तोडून शेतात जाळतात, तो राब. रानातल्या ऐनाचा न्याय माझ्या ग्लॅडिएटर गुलाबाला!

तक्ता कुठे आहे विचारलं. शेण कालवायला खाली कागद लागला होता.

२३ ऑक्टोबर, रविवार

फार वाईट वाटतंय. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. सकाळी अंगणात गेलो आणि डोळ्यांत पाणी आलं. ग्लॅडिएटरची उत्तरेकडची फांदी माझ्या खांद्याला लागायची. सात वर्षांत तिला फूल एकही आलं नाही, पण फांदी होती.

भामाला काढून टाकलं. तासाभराने ही म्हणाली, मी तिला उद्या बोलावलंय, पाणी कोण घालणार? या घरात माझे हुकूम फाटकापर्यंतसुद्धा पोचत नाहीत.

निश्चय: यंदा प्रदर्शनात भाग नाही. तत्त्व म्हणून.

३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

फुटवे आले. लालबुंद, बोटाएवढे. प्रत्येक खुंटाला चार-चार, पाच-पाच. एवढे मी कधी पाहिले नव्हते.

शांतपणे विचार केला तेव्हा उलगडा झाला. सात वर्षं मी तोलून मापून जे खत दिलं, ते मुळांशी शिल्लक होतं. तेच आता वर येतंय. भामाने फक्त झाकण उघडलं. बाटली कुणी भरली हा प्रश्न आहे.

प्रदर्शनाचा फॉर्म हिच्याकडून भरून घेतला. 'झाडांची जोपासना कोणी केली?' या रकान्यात 'स्वतः'. लिहिताना ही थांबली. लिही म्हटलं.

१३ नोव्हेंबर, रविवार

आज धाड घातली. रिटायर झाल्यापासून पहिली.

संशय होताच. भामा पाण्याचं माप वापरत नाही. झाडाच्या बुडाशी मातीत बोट खुपसते आणि काही झाडांना पाणी न घालताच पुढे जाते. विचारलं तर, "बोट घालून बगा साहेब, ओल हाय. तहान नाय तर पानी कशाला?" मी कशाला बोट घालू? माझ्याकडे माप आहे.

मग खताचा डबा काट्यावर ठेवला. तीन शनिवार, बावीस झाडं, वीस ग्रॅम. एक किलो तीनशे वीस ग्रॅम कमी व्हायला हवं. कमी झालं होतं शून्य.

जाब विचारला. तिने एका वाक्यात कबुली दिली. बाजारातले व्यापारी निदान काट्याला दोष द्यायचे. म्हणाली, "मी चाखलं. खारट हाय. खाजनात काय उगवतं का?" भरतीचं पाणी शिरून खारावलेल्या जमिनीला इकडे खाजण म्हणतात. माझ्या बागेला खाजण! आणि तिने ते चाखलं! इतक्या वर्षांत मी खत तोललं, चाळलं, नोंदलं. चाखायची बुद्धी सुशिक्षित माणसाला होत नाही.

डबा कपाटात कुलूपबंद केला. हात सुटला की मी स्वतः बघीन. ही दारात उभी होती. खत पडत नाही हे तिला आधीच ठाऊक होतं असं तोंडावरून वाटलं.

२० नोव्हेंबर, रविवार

कळ्या. मोजल्या, एकशे चौदा. दोनदा मोजल्या.

खत नाही, पाणी अर्धवट, तरी कळ्या. सात वर्षांची पुण्याई म्हणतात ती अशी. यंदा पहिला नंबर कुणाचा बाप अडवत नाही. स्वीकाराचं छोटं भाषण मनात तयार केलं. कमळाकरचा उल्लेख एकदाच, मोठेपणाने.

प्लास्टरच्या आत खाज सुटते. हिची विणायची सुई मागितली. दिली नाही.

२६ नोव्हेंबर, शनिवार

प्लास्टर काढलं! हात बारीक झालाय, कातडीला वास येतो. पण माझा आहे. डॉक्टर म्हणाले, हळूहळू वापरा. हा डॉक्टर पोरगा आहे, त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली होती. हळूहळू म्हणजे काय, हे मी त्याच्याकडून शिकू?

भामाला कायमची रजा दिली. कामाबद्दल शिफारसपत्र देऊ केलं. तिने त्याऐवजी रॉकेलचा रिकामा डबा मागितला. पात्रता.

२७ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ५.४५

आज मी सुखी आहे. पुष्कळ दिवसांनी हे लिहितोय. उजव्या हातात माप घेतलं, नळ सोडला, बोटांवर गार पाणी आलं. झाडांनीही मला ओळखलं असावं. मी झाडांशी बोलत नाही, पण आज दोन शब्द बोललो.

भामाच्या कृपेने पाच शनिवारांचं खत थकलंय. झाडामागे शंभर ग्रॅम. खात्यात आम्ही थकबाकी हप्त्याने घेत नसू, एकदम घेत असू. त्याच नियमाने सगळं आज दिलं. शिवाय पाणी सव्वापट.

ही ओट्यावरून म्हणाली, अहो, एकदम एवढं? हिला भाजीत मीठसुद्धा अंदाजाने घालायची सवय. मापाचा विषय हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

१ डिसेंबर, गुरुवार

पानांच्या कडा किंचित तपकिरी. झाडं कात टाकतायत. नव्या जोमाचं लक्षण.

४ डिसेंबर, रविवार

कडा बऱ्याच तपकिरी. कारण सापडलं. कमळाकरच्या वरच्या मजल्याचं सिमेंट. वारा तिकडून इकडे. नगरपालिकेकडे अर्जाचा मसुदा केला. उपाय म्हणून पाणी दीडपट केलं आणि शक्ती यावी म्हणून दहा ग्रॅम जादा.

गंमत म्हणजे वारा त्याच्या झाडांवरूनच येतो आणि त्याची हिरवीगार. असल्या लोकांच्या झाडांची कातडीसुद्धा जाड.

७ डिसेंबर, बुधवार

कळ्यांनी माना खाली घातल्या आहेत. मोठं फूल येण्याआधी कळी वजनाने वाकते, असं कुठेतरी वाचल्याचं आठवतं. कुठे ते आठवत नाही.

पानं पडतात. रोज सुपलीभर. ही झाडून गोळा करते आणि बोलत नाही. बोलली असती तर उत्तर देता आलं असतं.

१० डिसेंबर, शनिवार. दुपारी

आजचा प्रसंग लिहावा की नाही? लिहितो.

ओट्यावर बसलो होतो, हात शालीखाली. भामा रस्त्याने विटांच्या कामावर चालली होती. फाटकापाशी थांबली. माझ्याकडे पाहिलंच नाही. बागेकडे पाहिलं. मग आत हाक मारून हिला विचारलं, "वैनी, साहेबांचा हात बरा झाला का वो?"

ही हो म्हणाली.

"झाडं बगूनच समजला," म्हणाली, आणि गेली.

ही आत गेली. स्वयंपाकघरातून भांडी जोरात घासल्याचा आवाज आला. ही हसू आलं की भांडी घासते. पस्तीस वर्षांत मला एवढं कळलंय.

११ डिसेंबर, रविवार

संताप गेला नाही. गावात शिकलेली माणसं संपली म्हणून आता विटा वाहणाऱ्या बायका बागकामावर शेरे देणार!

काटा तपासला. बरोबर. पाण्याची मापं तपासली. मिलीचाही फरक नाही. डब्यावरचं छापील वाचलं. 'झाडास दोन ग्रॅम, महिन्यातून एकदा.' हे सामान्य माणसांसाठी असतं.

म्हणजे काटा बरोबर, मापं बरोबर, मी बरोबर. चुकत असतील तर झाडंच.

१४ डिसेंबर, बुधवार

एकशे चौदांपैकी उघडतील अशा कळ्या सहा.

नाव मागे घेणार नाही. मागे घ्यायला मी गुन्हेगार नाही.

१८ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी

शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन. तीन फुलं नेली. बाटल्यांत ठेवली, समोर नावाचं कार्ड. कार्डावर अक्षर छान आलं होतं. उजव्या हाताचं.

परीक्षक यंदा पुण्याच्या एक बाई. चष्मा, वही, पायांत चपला. प्रत्येक फुलापुढे दोन-तीन मिनिटं. माझ्यापुढे त्याहून जास्त थांबल्या. मी कार्ड सरळ केलं. त्यांनी एक पाकळी मागे करून पाहिली, देठावरचं पान बोटांत चुरलं, आणि अगदी मायेने विचारलं, "या झाडांना काही अपघात झाला होता का?"

मी म्हणालो, झाडांना नाही, मला. हात दाखवला. त्या म्हणाल्या, अरेरे. आणि पुढे गेल्या.

उत्तेजनार्थसुद्धा नाही. ते कुणा सहावीतल्या मुलीच्या सदाफुलीला.

पहिला नंबर कमळाकर म्हात्रे. स्टेजवर गेला, कप घेतला आणि माईकसमोर म्हणाला, "ह्यातला माजा काय नाय. आमच्या साईटवर भामा हाय, तिनं टिपणीससाहेबांची झाडं छाटली ती मी भिंतीवरनं बगितली. मंग तिलाच बोलावली. कप तिला देतो." सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. हे सांगताना त्या माणसाला लाजसुद्धा वाटली नाही. मी बसलो होतो तिथे दोघातिघांनी मागे वळून माझं अभिनंदन केलं, तुमच्या बागेतूनच सुरुवात म्हणून. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

परत त्याच्याच गाडीतून आलो. रिक्षा मिळेना. वाटेत तो काही बोलला नाही. त्याने तेवढी तरी माझी लाज राखली. असल्या माणसाकडून राखली जावी, याचंच जास्त लागलं.

१९ डिसेंबर, सोमवार

काही नाही.

२० डिसेंबर, मंगळवार. सकाळी ६.३०

हात दाखवून आलो होतो काल. डॉक्टर म्हणतात शंभर टक्के बरा, काहीही करा, कुदळसुद्धा चालवा. बटणं आज नीट होती.

पहाटे बागेत गेलो. सवयीने माप भरलं, साडेसातशे, बरोबर रेघेपर्यंत. बावीसपैकी नऊ झाडं जिवंत आहेत असं वाटतं. ग्लॅडिएटर त्यांत आहे. त्याच्यापुढे उभा राहिलो. कुणी बघत नव्हतं म्हणून बोट घातलं मातीत. चिखल होता. बोट जिभेला लावलं.

थुंकलो. मग माप गटारात ओतलं.

आत येऊन हिला म्हटलं, उद्यापासून भामाला सांग. माझा हात पुन्हा दुखायला लागलाय, डॉक्टरांना काय कळतं. कपाटातून गळ्यातली झोळी काढली, हात आत घातला. मानेमागची गाठ एका हाताने बसेना. तीन वेळा सुटली.

हिने कणकेचे हात पुसले, मागे येऊन गाठ मारून दिली. घट्ट. कुठे दुखतं, हे विचारलं नाही.